निरोपाच्या सहलीची तयारी: लायसन्स बडोद्याचं, रस्ता स्कॉटलंडचा

ब्रिटनमधलं एका वर्षाचं मास्टर्स सप्टेंबरात सुरू होतं. पुढच्या उन्हाळ्यात डिझर्टेशन जमा झालं की चौघा-पाचजणांनी गाडी भाड्यानं घ्यायची आणि पांगण्याआधी एकदा स्कॉटलंडला फेरी मारायची, हा बेत साधारण जुलैत शिजतो. पण त्याची निम्मी तयारी त्याच्या वर्षभर आधी, बडोद्यात बॅगा भरतानाच करावी लागते. जुलैत आठवण झाली तर लायसन्स, कार्ड आणि व्हिसा या तिन्हींपैकी एक तरी हमखास अडतं.

पहिलं काम म्हणजे एका कागदावर तारखा लिहिणं. ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय पक्क्या लायसन्सवर गाडी चालवता येते, त्यानंतर नाही. तुम्ही १० सप्टेंबरला उतरला असाल तर पुढच्या १० सप्टेंबरच्या आत सहल आटोपायला हवी. डिझर्टेशनची मुदत बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला असते, म्हणजे हातात उरतात जेमतेम आठ-दहा दिवस, किंवा तेही नाहीत. डिसेंबरात घरी येऊन गेलात म्हणून ही मुदत नव्यानं मोजली जाते असं धरू नका. मुदत उलटल्यावर गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा असूनही नसल्यासारखाच. म्हणून गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची उतरल्याची तारीख वेगळी लिहा. घोळक्यात सगळे एकाच विमानानं आलेले नसतात. जो सर्वांत उशिरा आला त्याच्या हातात शेवटच्या दिवसांचं स्टिअरिंग द्यायचं. आमचा स्पष्ट सल्ला असा, की परीक्षा संपल्यावर जूनमध्येच जाऊन या. दिवस लांब असतो, लायसन्सची चिंता नसते, आणि डिझर्टेशन तेवढे दिवस थांबतं.

लायसन्सवर एलएमव्ही, म्हणजे चारचाकीचा वर्ग हवा. बडोद्यात वर्षानुवर्षं ॲक्टिवा पळवणाऱ्यांच्या कार्डावर अनेकदा फक्त दुचाकीचा वर्ग असतो आणि ते परदेशी काउंटरवर लक्षात येतं. लर्निंग लायसन्स चालत नाही. लायसन्स निदान एक वर्ष जुनं असावं अशी अट गाडी भाड्यानं देणाऱ्या अनेक कंपन्या घालतात, त्यामुळे निघायच्या पंधरा दिवस आधी दरजीपुऱ्याच्या आरटीओत घाईनं काढलेलं लायसन्स उपयोगी पडेलच असं नाही. कार्ड हरवून डुप्लिकेट काढलं असेल तर त्यावर मूळ तारीख दिसते का ते बघा. डिजिलॉकरमधली प्रत इथे पोलिसाला चालते, तिथल्या काउंटरवर नाही. मूळ कार्ड बॅगेत टाका. आंतरराष्ट्रीय परमिट ब्रिटनमध्ये कायद्यानं लागत नाही, पण काही कंपन्या तरीही मागतात. ते आरटीओतूनच मिळतं, फी १,००० रुपये आणि मुदत एक वर्ष. म्हणजे हेही सहलीच्या आसपासच संपणार.

नावाची गंमत आपल्याकडे खास आहे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, लायसन्सवर स्वतःचं-वडिलांचं-आडनाव असं सलग, आणि बँकेच्या कार्डावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. काउंटरवरचा माणूस तिन्ही शेजारी ठेवून वाचतो. त्यातलं आडनावाचं स्पेलिंग तरी एक असू द्या. एकीकडे ‘डबल्यू’ आणि दुसरीकडे ‘व्ही’ असेल तर निघण्याआधी दुरुस्त करून घ्या.

आता व्हिसा. कोर्स संपल्यावर थांबून काम शोधायचं असेल तर ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच, स्टुडंट व्हिसा संपण्याआधी करावा लागतो, आणि तोही विद्यापीठानं तुम्ही उत्तीर्ण झाल्याचं गृह खात्याला कळवल्यानंतर. अर्ज केल्यावर निकाल लागेपर्यंत ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल बेटं यांच्या बाहेर गेलात तर अर्ज रद्द झाला असं समजतात. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांना अडचण नाही. पॅरिसला मात्र आहे. तिथे शेंगेन व्हिसाही वेगळा लागतो आणि ब्रिटनमधली भाड्याची गाडी समुद्रापार न्यायला कंपनीची लेखी परवानगी लागते.

उत्तर आयर्लंडात जायंट्स कॉजवे पाहायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे. तिथून डेरीला पोहोचलं की आयर्लंड प्रजासत्ताकाची हद्द काही मैलांवर येते. चौकी नाही, फाटक नाही, पाट्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर आले एवढीच खूण. भारतीय पासपोर्टला पलीकडे आयरिश व्हिसा लागतो. ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा पुरत नाही. नकाशाचं ॲप जवळचा रस्ता म्हणून खुशाल हद्दीपलीकडच्या डोनेगल परगण्यातून नेतं. मार्ग आधी पाहून मधले थांबे हातानं टाका.

गाडी बुक करताना वय पहिलं विचारतात. २१ पेक्षा कमी असेल तर बहुतेक ठिकाणी नकार, काही ठिकाणी ही अट २३ची. २५ पूर्ण नसतील तर दररोजचा जादा आकार. दुसऱ्या चालकाचे पैसे वेगळे, तरी दोघांची नावं घालाच. एकट्यानं सहा दिवस चालवणं हा अट्टहास आहे, आणि नाव न घातलेल्या मित्राच्या हातात गाडी असताना काही झालं तर विमा हात वर करतो.

अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. फॉरेक्सचं प्रीपेड कार्ड बऱ्याच ठिकाणी नाकारतात. बाबांच्या क्रेडिट कार्डावर नाव बाबांचं, म्हणून तेही नाही. बडोद्यातून निघताना बाबांच्या खात्याला जोडलेलं पण स्वतःच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड काढून घ्या, ॲपमध्ये परदेशी वापर सुरू करा, आणि त्याचा ओटीपी कोणत्या नंबरवर येतो ते तपासा. तो नंबर जर दांडिया बाजारच्या घरी कपाटातल्या जुन्या फोनमध्ये असेल, तर उन्हाळ्यात साडेचार तासांच्या फरकानं रात्री झोपलेल्या आईला उठवून आकडे विचारावे लागतील. भारतीय सिम सोबत ठेवून फक्त एसएमएसपुरतं रोमिंग चालू ठेवणं हा साधा उपाय.

विम्यात ‘एक्सेस’ हा शब्द नीट वाचा. गाडीला काही झालं तर पहिले इतके पौंड तुमच्या खिशातून, असा त्याचा अर्थ. हा आकडा हजारच्या वरही असतो. काउंटरवर तो शून्य करून देण्याचे रोजचे पैसे महाग पडतात. तोच विमा वेगळ्या कंपनीकडून आधी घेतला तर स्वस्त पडतो, पण तेव्हा नुकसानीचे पैसे आधी भरून मागाहून परत मागायचे असतात. टायर, काच, टप आणि गाडीचा खालचा भाग मूळ विम्यात बहुधा नसतो, आणि डोंगरी रस्त्यावर इजा नेमकी तिथेच होते.

गाडी केवढी? पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा छोट्या हॅचबॅकमध्ये बसत नाहीत. सात सीटची घेतली तरी मागची ओळ उभी केल्यावर डिकीत एक पिशवीच राहते. खरा घोळ घराच्या भाडेकराराचा असतो: करार ऑगस्टअखेर संपतो, म्हणून वर्षभराचा संसार गाडीत भरून लोक सहलीला निघतात. तो संसार मित्राकडे किंवा भाड्याच्या स्टोरेजमध्ये टाका आणि माणशी एक मऊ पिशवी घ्या. चाकांच्या कडक बॅगेपेक्षा कापडी पिशवी डिकीत दाबून बसते. गिअरची गाडी स्वस्त असते आणि स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, त्यामुळे ऑटोमॅटिकला जास्त पैसे घालायची आपल्याला गरज नसते.

मार्ग ठरवताना मैल आणि तास यांची गल्लत करू नका. इन्व्हरनेसहून निघून उत्तर किनाऱ्यानं परत इन्व्हरनेसला येणारा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा ५१६ मैलांचा, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटरचा फेरा आहे. बडोद्याहून मुंबईला जाऊन परत येण्याइतकाच, तेव्हा दोन दिवसांत होईल, असा हिशेब मनात येतो. तसं होत नाही. पश्चिम किनाऱ्यावर रस्ता कित्येक मैल एकाच गाडीपुरता रुंद आहे. समोरून गाडी आली की जवळच्या ‘पासिंग प्लेस’मध्ये थांबायचं: ती जागा डावीकडे असेल तर आत घ्यायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबून समोरच्याला तिथून जाऊ द्यायचं. मागून कुणी घाईत असेल तर त्यालाही तिथेच वाट द्यायची. फोटोसाठी तिथे गाडी लावायची नाही. अशा रस्त्यावर तासाला २५ मैल म्हणजे चांगला वेग. फेऱ्याला सहा दिवस धरा. ॲपलक्रॉसकडे नेणारा बेलाख ना बा हा घाट समुद्रसपाटीजवळून ६२६ मीटर चढतो, वळणं अरुंद आणि चढ तीव्र. पावागडला माचीपर्यंत गाडी नेलेल्याला अंदाज येईल, फक्त तिथे रस्ता याहून रुंद आहे. नवख्यानं किंवा पाऊस-धुक्यात तो टाळावा.

दिवसाला चालवण्याचे तास पाच, फार तर सहा. सप्टेंबरच्या मध्यावर इन्व्हरनेसला सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, महिनाअखेर सातच्या आत. संधिप्रकाशात हरणं रस्त्यावर उतरतात, तेव्हा मुक्काम गाठलेला असावा.

वाहतूक डावीकडूनच असल्यामुळे फाजील आत्मविश्वास येतो. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. समोरच्यानं हेडलाइट मिचकावला तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, बाजूला हो’. तिथे बहुधा ‘या, आधी तुम्ही जा’. ही एक गोष्ट गाडीतल्या सगळ्यांनी पाठ करावी. झेब्रावर माणूस असेल तर थांबायचं. मधल्या लेनमध्ये रेंगाळायचं नाही. ओव्हरटेक झालं की डावीकडे परत. याचा सराव निघण्याआधी अहमदाबाद–बडोदा एक्सप्रेस-वेच्या ९३ किलोमीटरवर करता येतो, इतर लोक काय करतात तिकडे न बघता. हातात मोबाइल दिसला की २०० पौंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट. इन्व्हरनेसकडे जाणाऱ्या ए-९ रस्त्यावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, म्हणून कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून पुढे पळण्याची युक्ती तिथे लागू पडत नाही. दारूची मर्यादा स्कॉटलंडात १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडात ८०. गुजरातेत वाढलेल्यांना हा हिशेब करायची सवय नसते, म्हणून सोपा नियम: रात्री प्यायलेला सकाळी मागच्या सीटवर.

गाडी ताब्यात घेताना दहा मिनिटं द्या. चारही बाजू, चारही रिम, काच, टप, डिकीची कड यांचा सलग व्हिडिओ काढा, शेवटी काटे आणि मैलांचा आकडा. रिमवरचे ओरखडे सर्वांत जास्त वादाचे असतात. स्टेपनी आहे का विचारा. नव्या गाड्यांत ती नसते, पंक्चरसाठी फेसाची बाटली आणि छोटा पंप असतो. टायर फाटला तर त्याचा उपयोग शून्य, म्हणून मदतीचा नंबर कागदावर लिहून ठेवा. पेट्रोलची नळी हिरवी, डिझेलची काळी; टाकीच्या झाकणावर वाचून मगच भरा, भरायचं स्वतःलाच आहे. ग्लासगोहून जाऊन-येऊन आडवाटांसह १,६०० किलोमीटर धरले आणि गाडी १५ची सरासरी देते म्हटलं, तर साधारण १०७ लिटर लागेल. उत्तरेकडे टाकी अर्धी झाली की भरून घ्यायची. पंपावर कार्ड घातल्यावर १०० पौंड किंवा त्याहून जास्त रक्कम तात्पुरती अडते, तेव्हा जवळजवळ रिकामं कार्ड तिथे काढू नका.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. घरून पार्सल येणार असेल तर खाकरे, भाकरवडी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. श्रीखंडाच्या वड्या, पेढे, साजूक तूप नको. भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे पाठवायला बंदी आहे. लिलो, म्हणजे ओलसर, चेवडा ताजा असतानाच चांगला, तो पहिल्या दिवशी संपवा. भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलची किंमत ३९ पौंडांपर्यंत असेल तर कर लागत नाही, आणि ‘गिफ्ट’ लिहून आत काय आहे हे नीट नमूद करावं लागतं. कपड्यांत छत्री बिनकामाची, वारा ती उलटी करतो. टोपीचं वॉटरप्रूफ जाकीट घ्या. जून ते ऑगस्टात मिज नावाची चिलटं संध्याकाळी झुंडीनं चावतात, त्यांच्यासाठी मलम आणि डोक्यावरची जाळी. तंबू ठोकायला स्कॉटलंडात बऱ्याच मोकळ्या जागी मुभा आहे, पण ती मुभा गाडीत झोपण्याला लागू नाही, आणि लॉख लोमंडच्या काही काठांवर मार्च ते सप्टेंबर तंबूलाही परवाना लागतो. हॉटेलात चेक-इनला पासपोर्ट क्रमांक विचारतात, पासपोर्ट जवळ असू द्या.

घरच्यांना रोजच्या मुक्कामाचं नाव, फोन आणि गाडीचा नंबर आधीच पाठवा, आणि हेही सांगा की डोंगरात तासन्‌तास रेंज नसते. तिथले संध्याकाळचे साडेसात म्हणजे बडोद्यातली मध्यरात्र. ‘पोहोचलो’ हा निरोप येईपर्यंत तिकडे कुणी झोपत नाही. त्यासाठी दुपारीच एकदा कळवण्याची वेळ ठरवा. नकाशे ऑफलाइन उतरवा. ‘रजिस्टर’ असा एसएमएस ९९९ला करून नाव नोंदवलं, तर बोलण्याइतकी रेंज नसतानाही संदेशानं मदत मागता येते.

परतीला गाडी काउंटर उघडं असतानाच द्या, टाकी भरून, पावती ठेवून, पुन्हा व्हिडिओ काढून. वेगाचा किंवा पार्किंगचा दंड गाडीच्या मालकाकडे जातो. तो तुमचं नाव कळवतो आणि त्या कामाचे पैसे वेगळे कापतो. हे सगळं व्हायला काही आठवडे लागतात, तोवर तुम्ही ते घर सोडलेलं असतं. म्हणून करारावर पत्ता लिहिताना पुढचे दोन-तीन महिने जिथे टपाल कुणीतरी उघडेल असा पत्ता द्या, आणि खर्चाची वाटणी करताना माणशी थोडी रक्कम तेवढ्यासाठी मागे ठेवा. सगळे पांगल्यावर ती कुणाकडून मागायची, हे आत्ताच ठरवून टाका.