मेंदूतली गुठळी नळीने काढतात तेव्हा घरच्यांनी काय काय करायचं

मेंदूची मोठी नस गुठळीने अचानक बंद झाली, म्हणजे लकव्याचा झटका आला, तर आता कवटी न उघडता, जांघेतून नाहीतर मनगटातून बारीक नळी घालून ती गुठळी बाहेर ओढून काढता येते. याला मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टमी म्हणतात. काढायचं काम डॉक्टरांचं, पण पेशंट त्यांच्या टेबलावर किती लवकर पोचतो हे बरंचसं त्या क्षणी शेजारी जो कोणी असतो त्याच्या हातात असतं, म्हणून हे सगळं नातेवाइकांसाठी लिहितेय.

आधी ओळखायचं कसं ते. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा भलतंच बोलणं, अचानक तोल जाणं, एका बाजूचं दिसेनासं होणं, ही लक्षणं बहुतेकांना माहीत असतात. मोठी नस बंद असेल तर त्यात अजून एक-दोन गोष्टी दिसू शकतात, दोन्ही डोळे एकाच बाजूला वळून तिथेच राहतात, किंवा पेशंटला स्वतःचा लुळा हात दाखवला तरी तो आपला आहे हेच कळत नाही, मला काही झालेलं नाही असं म्हणत राहतो. आणि बहुतेक वेळा दुखत काहीच नाही, हीच सगळ्यात घातक गोष्ट, कारण दुखत नाही म्हटल्यावर घरचे म्हणतात जरा पडू दे, झोपून उठल्यावर बघू. नाही बघायचं, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची. दहा मिनिटांत आपोआप सगळं ठीक झालं तरी जायचंच, कारण गुठळी तात्पुरती सरकलेली असू शकते आणि पुढचा झटका कधी येईल सांगता येत नाही.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तोंडातून काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, कारण गिळायची ताकद गेलेली असू शकते आणि घोट सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. ॲस्पिरिनही नाही, हृदयाच्या झटक्यात देतात म्हणून बरेच जण देतात, पण लकवा मेंदूत रक्तस्राव झाल्यानेही येतो आणि बाहेरून बघून दोन्हीतला फरक कळत नाही. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून घरातली बीपीची गोळी देऊ नका, नस बंद असताना आजूबाजूच्या छोट्या नसांमधून जे थोडंफार रक्त मेंदूला मिळत असतं ते त्या वाढलेल्या प्रेशरवरच चाललेलं असतं. घरात शुगरचं मशीन असेल तर शुगर तपासा, शुगर खूप उतरली तरी अगदी असंच दिसतं. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा.

आता वेळेचं. हॉस्पिटलात पहिला प्रश्न येतो, शेवटचं एकदम ठणठणीत कधी पाहिलं होतं? लक्षात कधी आलं हे नाही विचारत, ठणठणीत कधी होते ते विचारतात. रात्री 10 ला बोलून झोपले आणि सकाळी 6 ला उठवायला गेलात तर हात लुळा, तर वेळ रात्री 10 चीच धरतात. पण 2 वाजता ते बाथरूमला गेले होते, नीट चालत गेले नीट आले असं घरात कोणी पाहिलं असेल तर वेळ 2 ची होते, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांपर्यंतच देतात, म्हणजे त्या एका आठवणीवर ते मिळणार की नाही हे ठरू शकतं. म्हणून निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारा, फोनवर शेवटचं कोण बोललं, मेसेज कितीला टाकला होता, आणि ती वेळ लिहून घ्या, घाबरलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. सोबत गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली ते.

कुठे न्यायचं हे विचारताना फक्त आयसीयू आहे का असं विचारू नका. सीटी स्कॅन रात्रंदिवस चालू आहे का, आणि थ्रॉम्बेक्टमी करणारे डॉक्टर आत्ता बोलावले तर येतात का, हे दोन प्रश्न विचारा. असं हॉस्पिटल खूप लांब असेल तर जवळच्या ठिकाणी सीटी आणि इंजेक्शन उरकून लगेच पुढे हलवतात. इंजेक्शन दिल्यावर फरक पडतोय का बघत तिथेच थांबायचं नसतं, मोठ्या नसेतली लांब गुठळी नुसत्या इंजेक्शनने विरघळायचं प्रमाण कमीच असतं.

हॉस्पिटलात आधी साधा सीटी होतो, रक्तस्राव नाही ना हे बघायला, मग डाय, म्हणजे स्कॅनमध्ये नसा दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध, टाकून सीटी अँजिओ, त्यात नस नेमकी कुठे बंद आहे ते दिसतं. तुम्ही तीन गोष्टी विचारा: कोणती नस बंद आहे, मेंदूचा किती भाग आधीच गेलाय, आणि गुठळी काढता येण्यासारखी आहे का. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ॲस्पेक्ट्स नावाचा स्कोअर सांगतील, 10 म्हणजे सीटीवर नुकसान दिसत नाही, जितका खाली तितकं जास्त. पूर्वी कमी स्कोअरवाल्यांची गुठळी सहसा काढायचे नाहीत, पण 2022-23 मध्ये आलेल्या ट्रायल्समध्ये त्यातल्याही बऱ्याच जणांना फायदा झालेला दिसला, त्यामुळे स्कोअर कमी आहे एवढ्यावर विषय सोडू नका, पुढे विचारा.

साधारण सहा तासांच्या आतले पेशंट थेट घेतात. 2018 मध्ये डॉन आणि डिफ्यूज 3 या दोन ट्रायल्स आल्या आणि स्कॅनमध्ये वाचवण्यासारखा भाग शिल्लक दिसला तर 24 तासांपर्यंतही करता येतं हे सिद्ध झालं. पण 24 तास आहेत म्हणून निवांत राहू नका, मोठी नस बंद असताना मिनिटाला सरासरी 19 लाख पेशी मरतात. त्यामुळे संमतीच्या कागदावर सही करायला लांबच्या नातेवाइकांचे फोन लागेपर्यंत थांबू नका. धोके असतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, नस फाटू शकते, गुठळीचा तुकडा पुढच्या फांदीत जाऊ शकतो. पण 2015 च्या पाच मोठ्या ट्रायल्सचा एकत्र हिशोब केला तेव्हा त्रासदायक रक्तस्राव थ्रॉम्बेक्टमी केलेल्या आणि नुसती औषधं दिलेल्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच होता, 4.4 आणि 4.3 टक्के, आणि तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे थ्रॉम्बेक्टमीवाल्यांत 46 टक्के तर नुसत्या औषधांवाल्यांत 26.5 टक्के. मला विचाराल तर डॉक्टर हो म्हणत असतील तर सहीला दोन मिनिटांच्या वर लावू नयेत.

आत कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळी घालतात त्या खोलीत, काय चालतं तेही सांगते, बाहेर बसलेल्याला काहीच कळत नाही आणि जीव टांगणीला लागतो. पेशंटला गुंगी देतात किंवा पूर्ण भूल. जांघेतल्या नसेतून जाड नळी मानेपर्यंत नेतात, तिच्यातून बारीक नळी, तिच्यात केसासारखी वायर, आणि एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत बघत वायर गुठळीच्या पलीकडे काढतात. मग तिथे मिटलेली तारेची जाळी सोडतात, ती उघडली की गुठळीत रुतते, काही मिनिटं तशीच ठेवतात म्हणजे पकड बसते, आणि मागे ओढताना मानेतल्या नळीवरचा छोटा फुगा फुगवून रक्ताचा प्रवाह क्षणभर थांबवतात, सोबत जोरात सक्शन, म्हणजे तुकडे सुटून वर जाऊ नयेत. काही डॉक्टर जाळी न वापरता नुसत्या सक्शनने काढतात, दोन्ही चालतं. नंतर परत डाय सोडतात, मघाशी जिथे नस एकदम तुटल्यासारखी दिसत होती तिथून पुढच्या फांद्या भरताना दिसतात. बाहेर आल्यावर विचारा टिकी ग्रेड, म्हणजे नस किती उघडली त्याचं माप, किती, 2बी किंवा त्याच्या वर म्हणजे चांगलं उघडलंय.

नस उघडली म्हणजे हात लगेच हलेलच असं नाही, काहींचा टेबलावरच हलतो, काहींना आठवडे लागतात. पहिले काही तास पाय सरळ ठेवायला सांगतात, जांघेतून रक्त येतंय किंवा तिथे फुगतंय असं वाटलं तर लगेच सिस्टरला बोलवा. मॉनिटरवर बीपी 150-160 दिसलं म्हणून कमी करा म्हणून मागे लागू नका, नस उघडल्यावर वरचं बीपी मुद्दाम 140 च्या खाली आणलेल्यांची तब्येत ट्रायल्समध्ये उलट वाईट निघाली. गिळायची तपासणी होईपर्यंत प्रेमाने चमचाभरही भरवू नका. पहिल्याच दिवशी जबरदस्ती उभं करून चालवूही नका, फिजिओवाले सांगतील तेव्हा आणि तेवढंच. आणि गुठळी आली कुठून हे विचारल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका, हृदयाचे ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करायची वेगळी गोळी लागते.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. रिपोर्टमध्ये मेंदूतली नस हळूहळू अरुंद झालीय असं येतं तेव्हा लोक म्हणतात स्टेंट टाकून मोकळं करून टाका. 2011 च्या सॅम्प्रिस ट्रायलमध्ये नेमकं हेच तपासलं, आणि पहिल्या 30 दिवसांत झटका किंवा मृत्यू स्टेंटवाल्यांत 14.7 टक्के, नुसत्या औषधांवाल्यांत 5.8 टक्के, म्हणून नवे पेशंट घेणं मध्येच थांबवावं लागलं. तिथली औषधं म्हणजे ॲस्पिरिनसोबत 90 दिवस क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणारी गोळी, वरचं बीपी 140 च्या खाली, एलडीएल कोलेस्टेरॉल 70 च्या खाली, तंबाखू सिगारेट बंद. कोणी अरुंद नसेसाठी स्टेंट सुचवला तर आधी विचारा, हे सगळं नीट करून बघितलंय का आणि ते करूनही परत झटका आलाय का. नसेल आला तर दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं मत घ्यायला तुमच्याकडे वेळ आहे.