कॉन्ट्रॅक्टरच्या डंपस्टरमध्ये घरचं सामान टाकताय? या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी बाथरूमचं काम निघालं आणि ड्राइव्हवेवर २० यार्डांचा (म्हणजे २० घनयार्डांचा) डंपस्टर, म्हणजे कामाचा कचरा टाकायचा भाड्याचा मोठा डबा, येऊन बसला. एवढा मोठा रिकामा डबा बघून आम्ही पहिल्याच संध्याकाळी बेसमेंटमधला सोफा आणि जुनं कार्पेट त्यात ढकललं. रात्री पाऊस झाला. सकाळी दोन कामगार पाण्याने जड झालेलं ते कार्पेट ओढून बाहेर काढत होते. बिडाचा टब आणि फोडलेल्या टाइल्स तळाला जायच्या होत्या आणि तिथे आमचा सोफा आडवा पडला होता. त्यांचा तासभर गेला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डंपस्टर आपल्या दारात असला तरी भाड्याचा करार बहुतेक वेळा कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर असतो. जादा वजनाचं बिल त्याला येतं आणि मग शेवटच्या हिशेबात आपल्याशी वाद होतो. म्हणून काम सुरू होण्याआधीच विचारा: किती टन धरले आहेत, किती दिवस, आणि आमचं सामान कधी टाकू? उत्तर मेसेजवर तरी लिहून घ्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे जागा बघणं आणि वजन विसरणं. २० यार्डांच्या भाड्यात साधारण दोन-तीन टनच धरलेले असतात. एक घनयार्ड काँक्रीटच जवळपास दोन टन भरतं! म्हणजे मागच्या अंगणातला फुटका पॅटिओ (बसायचा काँक्रीटचा ओटा) ‘जाता जाता’ टाकला की डबा अर्धा रिकामा दिसतो आणि वजन मात्र संपलेलं असतं. काही ठिकाणी नुसत्या काँक्रीटचा डंपस्टर स्वस्तात मिळतो, पण त्यात एक खुर्ची जरी पडली तरी मिश्र कचऱ्याचा दर लागू शकतो.

तोडफोड संपली की आपला नंबर. कपाटं सुटी करून फळ्या सपाट रचा. माल काठाच्या वर गेला तर ड्रायव्हर डबा उचलत नाही, तेव्हा आदल्या दिवशी बघून घ्या.

रंगाचे डबे, गाडीची बॅटरी, गॅस असलेला फ्रिज यात नकोच. टीव्ही आणि कॉम्प्युटर कचऱ्यात टाकायला न्यू जर्सीत २०११ पासून बंदी आहे. यातलं काय काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कचरा-संकलनाच्या दिवशी घेतात, ते आधी विचारून घ्या.

आधीच भरून वाहतोय? वर चढून दाबू नका, पाय घसरतो, खिळा लागतो. कॉन्ट्रॅक्टरला फोटो पाठवा आणि दुसऱ्या फेरीचा खर्च कसा वाटायचा ते तेव्हाच ठरवा. रोज संध्याकाळी एक फोटो काढायची सवय ठेवा. रात्रीतून कुणाची तरी गादी येऊन पडली, तर ती आपली नाही हे त्यावरून दाखवता येतं. फोटो काढून झाला की ताडपत्री घाला, भिजलेल्या जिप्सम बोर्डाचं वजनही आपल्याच बिलात येतं.