मुळा-चीज सँडविच: आधी मुळ्याचं पाणी आवरा

मुळ्यात शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच. चिरल्यावर ते सुटायला लागतं, मीठ लागलं की धावतं, आणि चीजमध्ये मीठ असतंच. म्हणून वरून चिमूटभरही मीठ न घालता केलेलं सँडविच पंधरा-वीस मिनिटांत खालून ओलं होतं. काकडी-टोमॅटोवर बसलेला हात इथे हमखास फसतो. काकडीचा वास ब्रेडला लागत नाही, मुळ्याचा मात्र पाण्याबरोबर ब्रेडमध्ये उतरतो. एवढं सांभाळलं तर बाकी सगळं सोपं आहे.

चार सँडविचना लागतं ते असं: ब्रेडच्या आठ स्लाइस, अडीचशे ग्रॅम पांढरा मुळा, चीजच्या चार स्लाइस (किंवा शंभर ग्रॅम किसलेलं चीज), चाळीस ग्रॅम लोणी, आठ छोटे चमचे कारळ्याची सुकी चटणी, अर्धा चमचा मीठ, अर्धं लिंबू आणि मिरपूड.

बेळगावात, खानापुरात, निपाणीकडे दिवाळी झाल्यावर मुळ्याच्या पेंड्या दिसायला लागतात. संक्रांतीपर्यंतचा मुळा सगळ्यात चांगला. भाजीवाली कानडी बोलणारी असेल तर ‘मुलंगी’ म्हणा, कोवळा निवडून देईल. वीतभर लांब, दोन बोटं जाड, हातात घेतल्यावर दिसतो त्यापेक्षा जड लागणारा मुळा घ्यायचा. फुगीर आणि हलका असेल तर आतून कापसासारखा निघतो. असला जून मुळा सँडविचमध्ये चोथ्यासारखा लागतो, त्याची सरळ भाजी करावी. काही घरांत माघात मुळा खात नाहीत. कारण काहीही असो, तोवर तो बहुतेक जून झालेलाच असतो.

तिखटपणा सालीत जास्त असतो. कोवळा मुळा नुसता घासून धुतला तरी चालतो, जाड असेल तर साल काढा. मुळा मुळात तिखट नसतो. चिरताना त्यातल्या पेशी फुटतात आणि दोन वेगवेगळे घटक एकमेकांत मिसळून तो झणका तयार होतो. म्हणून किसलेला मुळा चकत्यांपेक्षा जास्त तिखट लागतो आणि वासही जास्त मारतो. लोणी आणि चीजच्या स्निग्धपणामुळे हा झणका जिभेवर बोथट होतो. मुळ्याबरोबर चीज जमतं ते याचमुळे. चीज कमी घातलं तर फक्त मुळाच लागतो.

थंड सँडविचसाठी मुळ्याच्या दोन मिलिमीटर जाडीच्या गोल चकत्या करा. याहून पातळ केल्या तर लोळागोळा होतात, जाड केल्या तर पहिल्या घासालाच ब्रेडमधून निसटतात. चकत्या दहा मिनिटं अगदी गार पाण्यात ठेवल्या की कुरकुरीत होतात. नंतर त्या पंचावर एकेक करून पसरा आणि वरून दुसरा पंचा दाबा. चाळणीत निथळून भागत नाही, दोन चकत्यांमध्ये पाण्याचा पापुद्रा राहतोच. मीठ इथे अजिबात नको. लिंबूही पिळायचं ते मिटायच्या आधी, चार थेंब.

टोस्टसाठी उलटं. मुळा जाड किसणीवर किसा, अर्धा चमचा मीठ चोळा आणि दहा मिनिटं ताटलीत तिरका करून ठेवा. मग मूठ-मूठ घेऊन पिळा. पहिल्या पिळण्यात पाणी येतं, दुसऱ्या पिळण्यात जे येतं ते बिघडवणारं. म्हणून दोनदा पिळायचं. पिळलेला कीस बोटांवर मोकळा पडला पाहिजे, गोळा होऊन चिकटता कामा नये. तो धुवायचा नाही. चाखून बघा, नुसता खारट लागला तरी चीज घातल्यावर अजून खारट लागणार, तेव्हा पुढे मीठ बंद. निघालेलं पाणी फेकू नका, थालीपिठाच्या पिठात जिरतं.

आता लोणी. सँडविचमध्ये लोणी चवीपुरतं नसतं, ब्रेड आणि मुळा यांच्यामधली ती भिंत असते. म्हणून दर स्लाइसला एक छोटा चमचा लोणी, आणि ते अगदी कडेपर्यंत. मधेच टेकडी करून कडा कोरड्या ठेवल्या तर पाणी कडेनं शिरतं. घरचं पांढरं लोणी असेल तर तीन पाण्यांत धुतलेलं हवं, नाहीतर आतलं ताकच ब्रेड भिजवतं. डिसेंबरच्या सकाळी बेळगावात लोणी दगड होतं. अर्धा तास आधी बाहेर काढा, ओढूनताणून लावलं तर ब्रेड फाटतो. ब्रेडही त्याच दिवशीचा ताजा नको. आदल्या दिवशीचा घट्ट बसतो आणि कमी शोषतो. बेकरीचा ब्रेड पुष्कळदा गोडसर असतो, मुळ्याला तो चालतो. फक्त चटणी मग जरा तिखट हवी.

चटणी हिरवी लावू नका. पुदिना-कोथिंबिरीची ओली चटणी म्हणजे आणखी पाणी. इकडच्या प्रत्येक डब्यात असणारी कारळ्याची सुकी चटणी इथे दोन कामं करते, चव देते आणि उरलेलं पाणी शोषते. घरी करायची तर शंभर ग्रॅम कारळे मंद आचेवर कोरडे भाजा. ते मुळातच काळे, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. तडतड सुरू होऊन खमंग वास आला की लगेच ताटात ओता. आवाज थांबेपर्यंत कढईत ठेवले तर कडू होतात, आणि तो कडवटपणा कशानंच जात नाही. गार झाल्यावर आठ पाकळ्या कोरडा भाजलेला लसूण, दोन चमचे ब्याडगी मिरचीची पूड, एक चमचा जिरं आणि मीठ घालून भरड वाटा. तिखट हवं असेल तर थोडी संकेश्वरी मिरची मिसळा. शेंगदाण्याची चटणीही चालते, पण ती जड पडते.

थर लावताना पाणी खाली उतरतं हे लक्षात ठेवा. खालच्या स्लाइसला लोणी, त्यावर चीज, चीजवर मुळा, मुळ्यावर मिरपूड आणि लिंबाचे थेंब. वरच्या स्लाइसला लोणी लावून त्यावर चटणी भुरभुरा, लोण्याला ती चिकटते. मग मिटा, तळव्यानं हलकं दाबा आणि करवती सुरीनं कापा. थंड सँडविच अर्ध्या तासात संपवा. शाळेच्या डब्यात द्यायचं असेल तर चकत्या वेगळ्या डबीत द्या. बंद डब्यात मुळ्याचा वास कोंडतो आणि झाकण उघडल्यावर शेजारचा बाक रिकामा होतो.

टोस्टमध्ये चीज किसूनच घाला: अर्धं खाली, मध्ये पिळलेला कीस, अर्धं वर. वितळलेलं चीज दोन्ही बाजूंनी कीस धरून ठेवतं. साधं प्रोसेस्ड चीज इथे उत्तम, ते एकसारखं मऊ होतं. नुसतं मोझरेला तारा काढतं, पण फिकं लागतं आणि त्यातलं पाणीही सुटतं. चीज फ्रिजमधून काढून थेट घातलं तर बाहेर ब्रेड करपतो नि आत चीज तसंच राहतं, म्हणून आधी किसून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. बाहेरून लोण्याऐवजी तूप लावा. लोण्यातलं ताक तव्यावर चरचरतं आणि काळे डाग पडतात. मध्यमहून मंद आच, एका बाजूला तीन मिनिटं, वर जड वाटी. झाकण फक्त पहिलं एक मिनिट, पुढे वाफ कोंडून ब्रेड मऊ पडतो. गॅसवरच्या हातातल्या टोस्टरमध्ये दर बाजूला दीड-दोन मिनिटं पुरतात. कीस ठासून भरला तर कडा मिटत नाहीत आणि चीज गळून आत जळतं.

मुळ्याचा पाला कोवळा असेल तर पाच-सहा पानं बारीक चिरून चमचाभर तेलात लसणावर कोरडी होईपर्यंत परता आणि टोस्टच्या किसात मिसळा. हाताला खरखरीत लागणारी पानं नकोत, ती घशाला टोचतात. चीज संपलं असेल तर सहा तास टांगलेला चक्का, चिमूटभर मीठ घालून. तो थंड सँडविचमध्येच, तव्यावर नाही. आणि ब्रेडच नसेल तर ज्वारीच्या कडक भाकरीवर चटणी, चकत्या नि किसलेलं चीज, पण थर लावल्या लावल्या उभ्या-उभ्या खायचं, पाच मिनिटांत भाकरी वातड होते.