वाचनगटात आपला आनंदाचा प्रसंग कसा साजरा करावा

महिन्यातून एकदा एकत्र बसून पुस्तकांवर बोलणाऱ्या माणसांचे नाते नातलगांच्या किंवा कार्यालयातल्या सहकाऱ्यांच्या नात्याहून वेगळे असते. कोणाला कोणते प्रकरण वाचताना गहिवरून आले हे त्यांना पक्के ठाऊक असते. पण त्याच माणसाला नुकतीच नात झाली, किंवा तो पुढच्या महिन्यात निवृत्त होणार आहे, हे पुष्कळदा कोणाच्या कानावरही आलेले नसते. असे प्रसंग गटात साजरे व्हावेत असे मला मनापासून वाटते. मात्र केक कापला, टाळ्या वाजल्या, व्हॉट्सॲपवर फुलांची चित्रे आली आणि संपले, एवढेच करायचे असेल तर त्यासाठी वाचनगट लागत नाही. ज्याचा प्रसंग आहे त्याने गटाकडे शुभेच्छांऐवजी वाचन मागावे. हे एक सूत्र धरून बेत आखला की कार्यक्रम गटाला शोभेसा होतो.

प्रथम कोणता टप्पा साजरा करायचा ते ठरवावे. वाढदिवस, निवृत्ती, नवे घर, मुलांचे यश हे प्रसंग सर्वांनाच सुचतात. वाचनाशी जोडलेले टप्पे मात्र नजरेतून निसटतात, आणि माझ्या मते तेच अधिक जपण्यासारखे असतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एखाद्या आजींनी पुन्हा स्वतः वाचून पूर्ण केलेले पहिले पुस्तक, इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तरुणाने अडखळत का होईना शेवटपर्यंत नेलेली पहिली मराठी कादंबरी, कर्जत लोकलच्या रोजच्या प्रवासात थोडे थोडे करून संपवलेला जाडजूड चरित्रग्रंथ, दिवाळी अंकात छापून आलेले पहिले परीक्षण, या गोष्टींचे मोल वाचणाऱ्यांनाच कळते. वर्षात शंभर पुस्तके वाचून झाली याचा आनंदही जरूर व्यक्त करावा. परंतु केवळ आकड्याचे कौतुक झाले की सावकाश वाचणारे सभासद गप्प होतात. म्हणून त्या शंभरांपैकी कोणते पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटते, याकडे बोलणे लगेच वळवावे.

प्रसंग कोणाचाही असो, त्या व्यक्तीला आधी एकटे गाठून विचारावे. आजारातून बरे होणे, बऱ्याच प्रतीक्षेनंतर मिळालेली नोकरी किंवा मोडलेल्या संसारानंतर नव्याने मांडलेले घर हे आनंदाचेच टप्पे आहेत, तरीही ते चारचौघांत बोलले जावेत अशी प्रत्येकाची इच्छा नसते. अचानक सत्कार करून एखाद्याला चकित करण्याची हौस अशा वेळी आवरावी.

मुंबईत जागा आणि वेळ ठरवणे हे निम्मे काम असते. डोंबिवली, बोरिवली आणि वाशी अशा तिन्ही दिशांनी सभासद येणार असतील, तर दादरसारखे सोयीचे ठिकाण नाही. मध्य आणि पश्चिम रेल्वे तेथे भेटतात आणि हार्बरवरून येणाऱ्यांना कुर्ल्याला गाडी बदलता येते. रविवार निवडताना मेगाब्लॉकचे, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याचे, वेळापत्रक आधी पाहावे. ब्लॉक बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी चारच्या सुमारास संपत असल्याने संध्याकाळी पाचची वेळ सर्वांना जमते. गट लहान असेल तर शिवाजी पार्कचा कट्टा पुरेसा आहे, पण तो परिसर शांतता क्षेत्रात मोडतो, त्यामुळे ध्वनिक्षेपकाचा विचारही करू नये. जून ते सप्टेंबर उघड्यावरचा बेत टाळावा आणि एखाद्या सभासदाच्या सोसायटीचे सभागृह किंवा जवळच्या ग्रंथालयाची खोली मिळते का, याची चौकशी करावी. 1898 साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखा किंवा पार्ल्याचा 1923 पासूनचा लोकमान्य सेवा संघ यांसारख्या संस्थांच्या भागात राहणाऱ्यांनी तेथे जाऊन समक्ष विचारावे. फोनपेक्षा समक्ष बोलण्याने काम लवकर होते.

निमंत्रण पंधरा दिवस आधी जावे आणि त्यात मागणी स्पष्ट असावी: प्रत्येकाने या प्रसंगाला साजेसे एक पान निवडून आणावे. गटावर संदेश टाकला तरी ज्येष्ठ काका-काकूंना स्वतः फोन करावा, कारण पान निवडण्यासाठी बोलण्याची गरज त्यांनाही असते आणि आपल्यालाही. बेस्टमध्ये उभी हयात नोकरी करून निवृत्त होणाऱ्या सभासदासाठी कोणी आत्मचरित्रातला पहिल्या पगाराचा दिवस आणील, कोणी प्रवासवर्णनातले पान, कोणी एखादा अभंग, तर कोणी लहानपणी पाठ केलेली कविता. कोण काय आणणार हे एका व्यक्तीला आधी कळवावे, म्हणजे तोच उतारा दोघांकडून येत नाही आणि क्रमही लावता येतो. क्रम लावताना गंभीर उताऱ्यानंतर हलका उतारा घ्यावा.

वाचनाचा भाग हा या कार्यक्रमाचा गाभा आहे आणि त्याची तयारी बारकाईने करावी. मध्यम आकाराच्या पुस्तकाचे छापील पान सावकाश वाचायला साधारण अडीच ते तीन मिनिटे लागतात. हेच पान का निवडले, हे सांगायला आणखी दोन मिनिटे धरली तर दहा जणांना पन्नास मिनिटे पुरतात. त्याहून अधिक माणसे असतील तर दोघांनी मिळून एक पान वाचावे. उतारा मोठ्या अक्षरांत छापून किंवा स्वच्छ हाताने लिहून आणावा, कारण पुस्तक एका हाताने उघडे धरून वाचताना बांधणीकडचे शब्द दिसत नाहीत आणि वाचणारा नेमका तेथेच अडखळतो. घरी दोनदा मोठ्याने वाचून श्वास कोठे घ्यायचा त्या जागी पेन्सिलीने खूण करावी. उतारा सुरू करण्यापूर्वी लेखक, पुस्तक आणि प्रसंग एवढे दोन वाक्यांत सांगावे. वाचून झाल्यावर अर्थ समजावून सांगू नये. खुर्च्या गोलाकार मांडाव्यात. व्यासपीठ मांडले की ज्याचा प्रसंग आहे तो सत्कारमूर्ती होऊन अवघडून बसतो आणि बाकीचे श्रोते होतात.

ज्याचा प्रसंग आहे त्याने सर्वांत शेवटी बोलावे, आणि आभारप्रदर्शनाऐवजी आपल्या वाचनाविषयी बोलावे. आयुष्याच्या या टप्प्यावर पोहोचताना कोणते पुस्तक सोबत होते, ते कोठून मिळाले, कोणी हाती दिले, आणि आज ते वाचताना काय वेगळे दिसते, एवढ्या प्रश्नांवर दहा-पंधरा मिनिटे सहज बोलता येते. गटातल्या एखाद्या व्यक्तीशी आपण वर्षानुवर्षे वाद घालत आलो, तिच्या आवडीमागे काय होते, हे अशाच वेळी उलगडते. या भाषणाला घड्याळ लावू नये.

हल्ली मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणारे असतातच, म्हणून एक कायदेशीर बाब लक्षात ठेवावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रकाशित साहित्यातील वाजवी लांबीचा उतारा जाहीरपणे वाचायला मुभा आहे; पण संपूर्ण कथा वाचून तिचे ध्वनिमुद्रण सर्वत्र पसरवायचे असेल तर परवानगी घ्यावी लागते. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे हा हक्क टिकतो. लेखकांचा मान राखणे हे वाचकांचे कर्तव्य आहे, म्हणून ध्वनिमुद्रण ठेवायचेच असेल तर सभासदाच्या मनोगताचे ठेवावे.

भेट द्यायची असेल तर सर्वांनी मिळून एकच पुस्तक द्यावे. नवे पुस्तक घेण्यासाठी दादरच्या छबिलदास गल्लीतले आयडियल आहे. जुन्या आवृत्तीच्या शोधात असाल तर हुतात्मा चौकाजवळचे पदपथ आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे विक्रेते पाहावेत. जुने पुस्तक घेताना पानांचे क्रमांक चाळून पाहणे आवश्यक आहे. पुस्तके बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांत छापली जातात, त्यामुळे बांधणीत चूक झाली की सलग सोळा पाने गळतात किंवा तीच पाने दोनदा येतात, आणि वरवर पाहून ते कळत नाही. पहिल्या कोऱ्या पानावर प्रत्येक सभासदाने एक ओळ स्वतःच्या अक्षरात लिहावी. शाईचे पेन पातळ कागदावर फुटते, म्हणून बॉलपेन वापरावे आणि खाली तारीख व ठिकाण घालावे. नुसते सप्रेम भेट असे लिहून सह्या करण्यापेक्षा त्या व्यक्तीने सुचवल्यामुळे आपण वाचलेल्या पुस्तकाचे नाव लिहिले, तर ते पान घरच्यांनाही वाचावेसे वाटते.

बटाटेवडे आणि चहा वाचन संपल्यावर द्यावेत. तेलकट हात पुस्तकांना लागू नयेत एवढेच याबाबत सांगायचे.

वैयक्तिक प्रसंगाला सार्वजनिक दिवसाची जोड द्यावी का, असे अनेक जण विचारतात. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन या तारखा सोयीच्या आहेत खऱ्या, परंतु त्या दिवशी इतर कार्यक्रमही असतात आणि आपल्या माणसाचा प्रसंग बाजूला पडतो. त्यापेक्षा घरच्या परंपरेला वाचनाची जोड देणे मला अधिक भावते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात पुस्तकांचे वाण देण्याची पद्धत अनेक घरांत रुळली आहे. नव्या घराचा किंवा लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाचा आनंद त्यातच गुंफता येतो, आणि हे आमंत्रण शेजारणींनाही असल्यामुळे गटाला नवे वाचक मिळतात.

काहींना या निमित्ताने ग्रंथालयाला पुस्तके द्यायची असतात. तसे असेल तर आधी ग्रंथपालांशी बोलून त्यांना काय हवे आहे ते विचारावे आणि नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष अशी यादी द्यावी. कसर किंवा बुरशी लागलेली पुस्तके यादीत घालू नयेत. मुंबईच्या दमट हवेत अशा एका पुस्तकामुळे शेजारचीही खराब होतात. ग्रंथपालांनी निवडलेली पुस्तके पावसाळा सोडून, प्रसंग असलेल्या सभासदाने स्वतः नेऊन द्यावीत आणि ग्रंथालयाच्या वहीत पुस्तकांची दाखल नोंद झाली की तेथे मिळालेले दाखल क्रमांक गटाला कळवावेत, म्हणजे ज्यांना ती वाचायची आहेत त्यांना थेट मागता येतील.