आदिवासी संस्कृतीसाठी देणगी देताना : पुणेकरांसाठी काही सूचना

पुण्याहून आदिवासी वाड्यांकडे जाणारी मदत बहुधा दिवाळीच्या तोंडावर निघते आणि तिच्यात फराळ, ब्लँकेटे व वापरलेले कपडे यांचाच भरणा असतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीनेही आंबेगाव तालुक्यातील एका वाडीवर असाच टेम्पो नेला होता. त्या आठवड्यात ब्लँकेटे घेऊन आलेले आम्ही तिसरे होतो, आणि तो दिवस नेमका वाघबारशीचा निघाला. शहरात आपण वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी सह्याद्रीतील महादेव कोळी समाज वाघोबाला नैवेद्य दाखवतो. आमच्या वाटपासाठी मात्र लोकांना ते अर्ध्यावर टाकून रांगेत उभे राहावे लागले. आता वर्गणी गोळा करण्यापूर्वी मी खालील गोष्टी पाहतो.

‘आदिवासी’ या एका शब्दाच्या नावाने देणगी देऊ नये. कोणत्या जमातीच्या, कोणत्या वस्तीच्या, कशासाठी, हे आधी ठरवावे. पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नरकडे महादेव कोळी व ठाकर, तर मुळशी-मावळ भागात कातकरी वाड्या आढळतात, आणि त्यांच्या गरजा एकसारख्या नाहीत. कातकरी समाज राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक असून कोलाम व माडिया गोंड या इतर दोन आहेत. खैरापासून कात काढण्याच्या ज्या व्यवसायावरून या समाजाला नाव मिळाले तो हातचा गेला, आणि आज अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळसाभट्ट्यांवर जाऊन पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा वाडीसाठी जानेवारीत गाणी-गोष्टींचे शिबिर आखणाऱ्या संस्थेला देणगी देण्यापूर्वी, त्या महिन्यात वाडीत असते कोण, एवढे तरी विचारावे. ज्यांना सुरुवात कोठून करावी हे कळत नाही, त्यांनी क्वीन्स गार्डन परिसरातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे वस्तुसंग्रहालय पाहावे. १९६२ पासून पुण्यात असलेल्या या संस्थेकडे आपल्यापैकी कितीजण फिरकले असतील, कोण जाणे.

पैसा वस्तूंपेक्षा माणसांवर खर्च व्हावा. तारपा हे वाद्य वाळलेला दुध्या भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून बनते, म्हणजे साहित्याचा खर्च फारसा नसतो. खरा प्रश्न असतो तो बनवणाऱ्याच्या वेळेचा आणि त्याच्याकडून शिकण्यासाठी बसणाऱ्या मुलाच्या बुडणाऱ्या मजुरीचा. म्हणून वयस्क गायिकेचे किंवा वादकाचे मानधन, शिकणाऱ्यांचा खाडा भरून काढणारी रक्कम, गावोगावचा प्रवास, मुलांसाठी त्यांच्याच बोलीतील पुस्तिकेची छपाई, अशा खर्चांना देणगी जोडावी. मोठी रक्कम एकदाच देऊन फलकावर नाव झळकावण्यापेक्षा तीन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम देणे अधिक उपयोगी पडते, कारण गाणे किंवा वाद्य एका शिबिरात हाती येत नाही.

संमतीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित केलेल्या भागातील, ग्रामसभेला आपल्या परंपरा, चालीरीती व सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे. आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील काही गावे या क्षेत्रात येतात. तेथे काम करणाऱ्या संस्थेकडे ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागायला संकोच करू नये. या क्षेत्राबाहेरच्या कातकरी वाड्यांना हे कवच नाही, म्हणून तेथे वाडीच्या बैठकीत काय ठरले याची चौकशी अधिकच काळजीने करावी. ध्वनिमुद्रण होणार असेल तर त्याची प्रत वाडीत राहणार का, ते बाहेर वापरण्याची परवानगी कोण देणार आणि काही विधी मुळातच मुद्रित करू नयेत असे लोकांचे म्हणणे असेल तर ते पाळले जाणार का, याची उत्तरे लेखी असावीत. देणगीदारांना दाखवण्यासाठी मुलांचे फोटो मागू नयेत. मी स्वतः ते पूर्वी मागितले आहेत, म्हणून सांगतो.

कागदपत्रांचे काम त्यामानाने सोपे आहे. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तिची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक, सध्याच्या विश्वस्तांची नावे आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत. ८०जी या नावाने परिचित असलेली करसवलत अशा संस्थांच्या बाबतीत साधारणपणे देणगीच्या ५० टक्के रकमेवर, उत्पन्नाशी निगडित मर्यादेत मिळते. रोखीने दिलेल्या २,००० रुपयांवरील देणगीला ती लागू नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना तर मिळतच नाही. परदेशातील मुलांकडून पैसे मागवणाऱ्या पालकांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी : मुलाने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर त्याची देणगी विदेशी ठरते आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखालील, परवानगी व दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्यासाठीचे खाते असावे लागते. पारपत्र भारतीयच असेल तर ही अडचण येत नाही.

खरेदी आणि देणगी यांची गल्लत करू नये. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी त्या आकृत्या छापलेल्या चादरी आणि कप कोणीही विकतो, आणि त्यांतून वारली घरात एक पैसाही जात असेलच असे नाही. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात, तेथून ही चित्रे आली आहेत. चित्र घ्यायचे तर चित्रकाराकडून, त्याने सांगितलेल्या किमतीला, घासाघीस न करता घ्यावे आणि मागे त्याचे नाव लिहून घ्यावे. ती खरेदीच होय. तिचा आकडा देणगीच्या वहीत लिहू नये.

आमच्या सोसायटीचा टेम्पो आता जात नाही. वर्गणीची रक्कम ज्येष्ठात, कामावर गेलेली कुटुंबे परतल्यावर, वाडीच्या बैठकीत ठरलेल्या खर्चासाठी बँकेतून पाठवली जाते, आणि वाघबारशीला आम्ही बोलावणे आले तरच जातो.