"काही मदत करू का?" असं विचारणाऱ्या पाहुण्याला काय सांगाल?

जेवणं उरकली की "मी काही करू का?" आणि "छे छे, तुम्ही बसा" यातच वेळ जातो. शेवटी खरकट्या भांड्यांचा ढीग यजमानाच्याच गळ्यात पडतो.

१. पाहुणे येण्याआधी सिंक आणि कचऱ्याचा डबा रिकामा करा. निम्मं काम इथेच होतं.

२. ओट्यावर खरकट्यासाठी एक भांडं आणि चमच्यांसाठी साबणाच्या पाण्याचं पातेलं ठेवा. म्हणजे "हे कुठे ठेवू?" हा प्रश्नच येत नाही.

३. कोणी विचारलंच तर पाच मिनिटांत संपणारं एकच काम सांगा: ताटं निपटून रचणं, उरलेलं डब्यात भरणं किंवा टेबल पुसणं. घासणं मात्र सगळे गेल्यावर. नळाचा आवाज सुरू झाला की पाहुण्यांना वाटतं, आता निघायला हवं.

पाहुणे तुम्ही असाल तर "ही ताटं आत नेऊ?" असं नेमकं विचारा. दोनदा नको म्हटलं, तर गप्पा मारत बसा. (तीही मदतच!)

साबणाच्या पाण्यात सुरी मात्र टाकू नका. फेसात ती दिसत नाही आणि हात कापतो.