व्हायरल लोड ‘आढळला नाही’, तरी गोळी का आणि कशी चालू ठेवायची

रक्तात एचआयव्ही किती आहे ते मोजणाऱ्या ‘व्हायरल लोड’ तपासणीच्या रिपोर्टवर ‘आढळला नाही’ असं आलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: मग आता गोळी बंद केली तर? रक्तातला विषाणू मशीनला मोजता येणार नाही इतका कमी झालाय, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. शरीरात विषाणू उरलाच नाही, असं तो सांगत नाही.

एचआयव्ही रोगप्रतिकार करणाऱ्या सीडी४ पेशीत शिरून आपल्या आरएनएचा (म्हणजे जनुकीय माहितीचा) डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या डीएनएत जोडून टाकतो. अशा काही पेशी पुढे सुस्त होतात. या बहुतेक स्मृतिपेशी असतात, जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या आणि वर्षानुवर्षं जगणाऱ्या. सुस्त पेशी विषाणूची प्रथिनं जवळपास बनवतच नाही, त्यामुळे बाधित पेशी शोधून मारणाऱ्या सीडी८ पेशींना ती ओळखूच येत नाही. औषधांचंही तसंच आहे. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन डीएनए बनू देत नाहीत, डोलुटेग्राविर तो जोडू देत नाही. पण आधीच जोडला गेलेला डीएनए या तिघांच्याही आवाक्याबाहेर. कापसातला कुंदा वरून खुरपला तरी काशा जमिनीत राहतात, तसं हे. दहा लाख सुस्त सीडी४ पेशींत अशी विषाणू दडवलेली साधारण एकच सापडते, पण अशा पेशींचा हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. शिवाय अशी पेशी दुभंगली की तिच्यासोबत विषाणूच्या डीएनएचीही नक्कल होते.

गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात विषाणू दोन-चार आठवड्यांत परत येतो. कधी घेतली, कधी नाही, हे तर जास्तच घातक. विषाणू नक्कल करताना सतत चुकतो. औषध अपुरं असताना त्यातली एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते आणि औषधाला दाद न देणारा विषाणू वाढतो. तोही मग त्याच साठ्यात जाऊन बसतो.

टीएलडीची, म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राविर एकत्र असलेली एक गोळी (अनुक्रमे ३००, ३०० आणि ५० मिलिग्रॅम) रोज ठरलेल्या वेळी घ्या. जेवणाआधी की नंतर, फरक पडत नाही. विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर ती सोडा, पण दोन एकदम नकोत. अ‍ॅसिडिटीचं औषध (अँल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड) घेत असाल तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम, मात्र जेवणासोबत घेतल्या तर एकत्र चालतात. गरोदर बायकांच्या बाबतीत हे राहून जाऊ शकतं. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोलुटेग्राविर रक्तातून लवकर उतरतं, म्हणून बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागते. टीबीचं औषध संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिचा डोस मर्यादेत ठेवावा लागतो.

मराठवाड्यात गोळ्यांत खंड पडतो तो अनेकदा ऊसतोडीच्या हंगामात. बीड, धाराशिवकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात, परततात ती उन्हाळ्यात. निघण्याआधी एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) कारखान्याचं गाव सांगा. तब्येत स्थिर असेल तर एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, नाहीतर तिथल्या जवळच्या केंद्रातून घेण्याची सोय करून देतात. त्यासाठी उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक सोबत हवंच. ते पेटीच्या तळाशी न ठेवता गोळ्यांसोबतच ठेवा, आणि डबी पाचटावर किंवा ट्रॅक्टरवर उन्हात राहू देऊ नका. मुकादमाला आजार सांगायची सक्ती नाही, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं तुम्हाला संरक्षण आहे. अडलं तर १०९७ वर मोफत फोन करा.

व्हायरल लोड सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा. तारीख हंगामात येत असेल तर जाण्याआधीच रक्त देता येईल का, ते केंद्रात विचारून घ्या. आकडा एखाद्या वेळी शंभरभर आला तर लगेच घाबरायचं कारण नाही, सुस्त पेशी अधूनमधून थोडा विषाणू सोडतात. १००० च्या वर गेला तर मात्र समुपदेशकाला चुकलेल्या गोळ्या खऱ्या-खऱ्या सांगा. नेमाने गोळ्या घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते, आणि औषध बदलायचं की नाही ते त्यावरच ठरतं.